पुडी, मशेरी आणि दहा दिवसांवर आलेलं ऑपरेशन

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही कराडजवळच्या गावात राहतो. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, ६९ वं सरलं. दोन्ही गुडघे पार झिजलेत. संडासला बसता येत नाही, गेल्या पावसाळ्यापासून उंबरा ओलांडणंही मुश्कील झालंय. शहरातल्या सर्जननी दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलायचं सांगितलंय, दहा दिवसांनी दाखल व्हायचंय. आत्यांना चौदा वर्षं साखर आहे, बीपीची गोळी आहे. साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन घेतात. रिपोर्टात उपाशीपोटी साखर १३८, एचबीएवनसी ९.१, हिमोग्लोबिन ९.४. मशेरी लहानपणापासून. रात्री जोरात घोरतात. गुडघ्यांसाठी बाजारच्या दिवशी एकाकडून पुडी आणतात, दोन वर्षं झाली, तिनं आराम पडतो. मागच्या महिन्यात तालुक्याच्या डॉक्टरांनी गुडघ्यात इंजेक्शनही दिलं. दीर म्हणतात, साखर १३८ म्हणजे नॉर्मलच, फिटनेस मिळालाय, आता कशाला घाबरता. पण शेजारच्या काकूंच्या गुडघ्यात ऑपरेशननंतर पू झाला, वर्षभर दवाखान्याचे खेटे घालत होत्या. आत्यांचं वय बघता धोका किती टक्के आहे? आणि मी हे सगळं विचारलं तर सर्जन रागावतील का?
— एक सून

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडले. ‘तिनं आराम पडतो.’ तुम्हाला आत्यांच्या वयाची काळजी वाटतेय. माझ्या यादीत वय बरंच खाली आहे. सगळ्यात वर ती पुडी आहे.

मी तीसेक वर्षं भूल देण्याचं काम केलं. सुरुवातीच्या दिवसांत एका आजींना मांडीच्या हाडाच्या ऑपरेशनसाठी कमरेत भूल दिली होती. रिपोर्ट बरे होते. अर्ध्या तासानं बीपी उतरायला लागलं. सलाईन जोरात सोडलं, बीपी चढवायची औषधं दिली, रक्तही फार गेलं नव्हतं, तरी आकडा वर येईना. शेवटी माझ्या वरिष्ठांनी आजींचा हात उचलून नुसती कातडी बघितली. कागदासारखी पातळ, जागोजागी जांभळे डाग. ‘हायड्रोकॉर्टिसोन द्या,’ एवढंच म्हणाले. ते स्टेरॉईडचं इंजेक्शन. थोड्या वेळानं बीपी जागेवर आलं. संध्याकाळी मुलाला खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, दम्याची पुडी चालू होती, पण ते काही औषध नव्हे, झाडपाल्याचं आहे, म्हणून सांगितलं नाही. चूक त्याची नव्हतीच. मी ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ असं विचारलं होतं, आणि पुडी ही काही गोळी नव्हे. तेव्हापासून मी प्रत्येकाला वेगळं विचारायचे: पुडी, काढा, भस्म, बाजारातलं काही?

सगळ्या वैद्यांना मी एका मापानं मोजत नाही. शिकलेला वैद्य चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून देतो. पण नाव नसलेली, दोन दिवसांत गुडघे हलके करणारी पुडी बघितली की पहिला संशय स्टेरॉईडचा घ्यायचा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉईड कुटून घातल्याचं आपल्याकडे वारंवार सापडलेलं आहे. बरोबरीनं वेदनाशामकही असतात. आता गंमत बघा. आपल्या मूत्रपिंडावर एक छोटी ग्रंथी असते. अंगावर संकट आलं की शरीराला सावरणारं स्टेरॉईड ती स्वतः बनवते. बाहेरून रोज फुकटचा पुरवठा झाला की ती काम करायचं सोडून देते. ऑपरेशन हे शरीराच्या दृष्टीनं संकटच असतं. त्या वेळी मागणी येते आणि कोठारात काही नसतं. बीपी का उतरलं ते तुम्हाला आता कळलं असेल. याशिवाय स्टेरॉईडनं साखर चढते, जखम भरायला वेळ लागतो, जंतूंना आवतण मिळतं. वेदनाशामकांनी जठरात व्रण होऊन थेंब थेंब रक्त जात राहतं, मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणजे आत्यांचं ९.१ आणि ९.४ हे दोन आकडे कदाचित एकाच कागदात बांधून दर आठवड्याला घरी येतायत. खात्रीनं मी इथून सांगू शकत नाही, पण हे तपासल्याशिवाय त्यांना टेबलावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

घाईघाईनं एक मात्र करू नका. माझं वाचून आज रात्री पुडी फेकून देऊ नका. दोन वर्षांचं स्टेरॉईड एकदम तोडलं तर घरीच चक्कर, उलट्या, बीपी खाली जाणं, असं सगळं होऊ शकतं. फिजिशियनला पुडी दाखवा. सकाळच्या वेळेत रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे त्या ग्रंथीनं स्वतः बनवलेलं स्टेरॉईड, तपासता येतं. त्यावरून ते पुडीच्या जागी मोजून औषध देतील आणि हळूहळू उतरवत आणतील. चेहरा गेल्या दोन वर्षांत गोल झालाय का, जरा धक्का लागला तरी काळंनिळं होतं का, हेही त्यांना सांगा.

आता दिरांच्या १३८ कडे वळते. उपाशीपोटी साखर म्हणजे त्या सकाळचा फोटो. रिपोर्टच्या आदल्या रात्री आत्यांनी भाकरी अर्धी खाल्ली असेल तरी तो फोटो छान येतो. एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची खतावणी. ९.१ सांगतंय की दिवसभरातली साखर बराच काळ २०० च्या आसपास आहे. अशा साखरेत पांढऱ्या पेशी आळसावतात, बारीक रक्तवाहिन्यांतून जखमेला पुरवठा नीट होत नाही. काकूंना काय झालं ते मला माहीत नाही, पण गुडघ्यात धातूचा सांधा बसवल्यावर जंतू त्यावर थर करून राहतात आणि मग नुसत्या अँटिबायोटिकनं हटत नाहीत, सांधा उघडून धुवावा लागतो, कधी काढावा लागतो. बरेच सर्जन साडेसात ते आठच्या खाली आकडा आल्याशिवाय ठरवून करायच्या सांध्याच्या ऑपरेशनला हात घालत नाहीत. काही जण साडेआठपर्यंत चालवून घेतात. ९.१ या कुठल्याच मापात बसत नाही.

साखरेची आणखी एक गोष्ट, घरोघरी चालू असलेल्या एका गोळीची. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदयाला, मूत्रपिंडाला चांगल्या आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ऑपरेशनचा उपवास आणि ताण एकत्र आला की या गोळीवर असलेल्या माणसाच्या रक्तात आम्ल साठू शकतं, आणि मीटरवर साखर मात्र १६०-१७० दिसते. उलट्या होतायत, श्वास भरभर चाललाय, आणि सगळे म्हणतायत साखर तर ठीक आहे! म्हणून ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी ही गोळी थांबवून दुसरी सोय करतात. मेटफॉर्मिनचं आणि बीपीच्या गोळीचं सकाळचं गणितही भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या. तोंडी नको. ‘सकाळच्या सगळ्या गोळ्या बंद’ असा निरोप वॉर्डातून घरापर्यंत येताना काय काय होतो, ते मी पाहिलंय.

हिमोग्लोबिन. बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे पंडुरोग, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या. आपल्याकडे मात्र ९.४ ला ‘बायकांचं एवढंच असतं’ म्हणतात. डॉक्टरसुद्धा म्हणतात, याचा मला मनस्वी राग आहे. गुडघा बदलताना आणि नंतर दोन दिवस रक्त जातंच. तळाशी गेलेल्या विहिरीतून आणखी चार बादल्या उपसायच्या, मग बाहेरून रक्त चढवायचं, आणि चढवलेल्या रक्ताबरोबर जंतुसंसर्गाची शक्यताही वाढते. दोन्ही गुडघे एकदम केले तर हिशोब दुप्पट. आत्यांचं रक्त कमी का आहे ते आधी शोधायला हवं: लोह, बी बारा (मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यानं ते कमी होतं), मूत्रपिंड, आणि शौचातून न दिसणारं रक्त जातंय का याची तपासणी. ती शेवटची लाजेखातर टाळू नका. लोहाची कमतरता निघाली तर गोळ्यांना दोन-तीन महिने लागतात, आणि गोळीवर लगेच चहा घेतला तर बरंचसं लोह अंगी लागतच नाही. शिरेतून लोह दिलं तर तीन-चार आठवड्यांत फरक दिसतो.

गुडघ्यातलं इंजेक्शन कसलं होतं, त्याची चिठ्ठी शोधा. स्टेरॉईडचं असेल तर त्यानंतर तीन महिने त्या गुडघ्यावर हे ऑपरेशन करत नाहीत, कारण आत पू होण्याची शक्यता वाढते. म्हणजे बाकी सगळं सोडलं तरी फक्त या एका चिठ्ठीवर तारीख पुढे जाऊ शकते. तुमच्या सर्जनना हे इंजेक्शन कुणी सांगितलंय का? मला तरी शंका आहे.

मशेरी. ही सगळ्यात अवघड, कारण पुडी दोन वर्षांची आहे आणि मशेरी साठ वर्षांची. मशेरीनं काय होणार, विडी थोडीच ओढतात, असं घरात म्हणतील. विडीचा धूर फुप्फुसात जातो ते वेगळं नुकसान, पण निकोटिन दोन्हींत आहे, आणि निकोटिन कातडीच्या बारीक वाहिन्या आवळतं. जखम भरायची ती नेमक्या त्याच वाहिन्यांवर. ओढणाऱ्यांनी निदान चार आठवडे आधी सोडली तर जखमेच्या आणि छातीच्या तक्रारी कमी होतात हे पक्कं माहीत आहे, मी तोच नियम मशेरीला लावत आले. एका मावशींना ऑपरेशनच्या सकाळी तपासायला गेले तर दात काळे. म्हटलं, मावशी, सोडली होती ना? म्हणाल्या, ‘सोडलीच की. हे नुसतं दात घासलेत.’ उशीखाली डबी. खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी मशेरी लावणं वेगळं आणि दात घासणं वेगळं. आत्यांना ‘मशेरी सोडा’ असं न सांगता, ‘सकाळी, दुपारी जेवल्यावर, रात्री, कितीदा बोट फिरवता’ ते आधी मोजा. एक एक वेळ कमी करत आणा. बडीशेप हाताशी ठेवा. आणि घरात दुसरं कोणी तंबाखू मळत असेल तर त्यांनी महिनाभर आत्यांच्या डोळ्यांआड मळावी, एवढी मेहरबानी करायला सांगा. हिरड्या, हलणारा दात, किडका दात हे दंतवैद्यांना आत्ताच दाखवा. तोंडातले जंतू रक्तातून सांध्यापर्यंत जाऊ शकतात.

दोन्ही गुडघे एकदम करायचे का? सर्जन मूर्ख नाहीत. एकच भूल, एकच मुक्काम, एकदाच फिजिओथेरपी, खर्चही कमी. पन्नाशी-साठीतल्या धडधाकट माणसाला हे फायद्याचं ठरतं. पण एकदम केल्यानं हृदयावरचा ताण, फुप्फुसात रक्ताची गाठ जाण्याची शक्यता आणि रक्त चढवायची गरज ही तिन्ही वाढतात. आणि आत्यांच्या हृदयाची आपल्याला खरी माहितीच नाही. का नाही, ते सांगते. हृदय ऑपरेशन झेलेल का याचा आमचा सगळ्यात साधा प्रश्न असतो: न थांबता दोन जिने चढता का? ज्याला जमतं त्याची निम्मी चिंता मिटली. आत्यांना उंबरा ओलांडवत नाही. दम लागेपर्यंत चालायला आधी गुडघ्यांनी साथ द्यायला हवी! अशी माणसं ‘मला दम लागत नाही’ असं प्रामाणिकपणे सांगतात. त्यात चौदा वर्षांची साखर. साखरेच्या रुग्णाच्या छातीत दुखल्याशिवायही हृदयाच्या वाहिन्या अरुंद होत जातात. म्हणून नुसत्या ईसीजीवर मिळालेला ‘फिटनेस’ मला पुरेसा वाटत नाही. उताणं झोपल्यावर धाप लागते का, संध्याकाळी पाय सुजतात का, हे फिजिशियनना सांगा, टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा का, पुढे काही तपासायचं का, ते त्यांना ठरवू द्या. आम्ही भूलतज्ज्ञ रुग्णाच्या कागदावर एक श्रेणी लिहितो. निरोगी माणूस एकला, ताब्यात असलेली साखर किंवा बीपी दोनला, ताब्यात नसलेली साखर तीनला. आज आत्या तीनमध्ये आहेत. दोन महिन्यांनी त्या दोनमध्ये येऊ शकतात. वय तेवढंच राहून.

फिटनेस या शब्दानंच घोटाळा केलाय, खरं तर. लोकांना वाटतं लायसन मिळालं. त्या कागदाचा अर्थ एवढाच असतो, की धोका बघितला आणि तो घ्यायला हरकत नाही. कुठला धोका बघितला, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

घोरण्याबद्दल थोडक्यात. घोरता घोरता श्वास थांबतो आणि मग दचकून परत सुरू होतो, असं होतं का, ते एक रात्र जागून बघा. होत असेल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. दुखणं थांबवायची जोरदार औषधं अशा माणसाला जपून देतात आणि पहिली रात्र ऑक्सिजनचं मीटर बोटाला लावून ठेवतात.

दाखल होताना आत्यांचा चष्मा बरोबर न्या, कानाचं मशीन असेल तर तेही. हे किरकोळ नाही. सत्तरीच्या आसपासची माणसं ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री भ्रमिष्टासारखं बोलू लागतात, सलाईन उपटतात, गेलेल्या माणसांना हाका मारतात. घरचे घाबरतात, बाहेरची बाधा झाली म्हणून अंगारा आणतात. तो मेंदूचा तात्पुरता गोंधळ असतो. साखर, सोडियम, लघवी अडणं, जंतुसंसर्ग, झोपेची गोळी, यातलं कारण शोधून सुधारलं की बहुतेक जण सावरतात. दिसत नाही, ऐकू येत नाही, खोली अनोळखी, अशा माणसाला तो लवकर होतो. रात्री ओळखीचा आवाज जवळ असलेला बरा.

पायाचे केस घरी वस्तऱ्यानं काढू नका, बारीक चिरा पडतात. काढायचेच असतील तर दवाखान्यात मशीननं काढतील. टाचांच्या भेगा, बोटांच्या बेचक्यातली चिखली आत्ताच बरी करून घ्या. ऑपरेशनच्या सकाळी दुधाचा चहा हे जेवण धरतात, सहा तास आधी बंद. नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत सहसा चालतं, पण जुन्या साखरेत जठर हळू रिकामं होतं, म्हणून आत्यांची वेळ त्यांच्या भूलतज्ज्ञांनाच विचारा. घरी आल्यावर टाक्यांवर हळद नाही, तेल नाही, आल्यागेल्यानं हात लावून बघणं नाही. एकाच पोटरीला सूज, अचानक धाप, टाक्यांतून पाणी, पुन्हा चढलेला ताप, यांपैकी काहीही दिसलं तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी निघायचं.

टक्के विचारलेत. चांगल्या केंद्रांत गुडघा बदलल्यावर आत खोलवर पू होण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन असतं. पण ती सरासरी आहे, तिच्यात निरोगी माणसंही मोजलेली आहेत. आजच्या आत्यांचा धोका त्याहून जास्त आहे, किती जास्त ते आकड्यात सांगणं म्हणजे ज्योतिष होईल. तो खाली आणता येतो, हे मात्र नक्की सांगते. गुडघे झिजणं हा काही अपेंडिक्स नव्हे, की आज नाही तर उद्या फुटेल. दोन-तीन महिने काठी, वॉकर, संडासला कमोडची खुर्ची, आणि फिजिओथेरपिस्टनं बसल्या बसल्या शिकवलेले मांडीचे व्यायाम. त्या व्यायामांचा ऑपरेशननंतरही उपयोग होतो.

राहिला सर्जन रागावतील का हा प्रश्न. ‘ऑपरेशन नको’ म्हणू नका. असं म्हणा: ‘डॉक्टर, ऑपरेशन तुमच्याकडेच करायचंय. पण आत्या दोन वर्षं बाजारातली पुडी घेतायत, मागच्या महिन्यात गुडघ्यात इंजेक्शन झालंय, एचबीएवनसी ९.१ आणि हिमोग्लोबिन ९.४ आहे. हे सुधारून दोन-अडीच महिन्यांनी आलो तर चालेल का? आणि आधी एकच गुडघा केला तर?’ एवढं ऐकून रागावणारा सर्जन मी क्वचित पाहिलाय. पू झालेला गुडघा त्यांनाही नकोच असतो, आणि यातल्या दोन गोष्टी त्यांना बहुधा पहिल्यांदाच कळतील.

जाताना दिरांना बरोबर न्या, म्हणजे घरी येऊन तुम्हाला सगळं पुन्हा सांगत बसावं लागणार नाही. गोळ्यांची नावं पाठ करायची गरज नाही. सगळी पाकिटं, इंजेक्शनची चिठ्ठी, एक न उघडलेली पुडी आणि मशेरीची डबी एका पिशवीत घाला आणि ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर उलटी करा.